डोस वाढला म्हणजे थायरॉईड बिघडला का?

हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच, पण ही आली ती गोळ्यांची बाटली पर्समध्ये घेऊनच. पहिलटकरीण, नववा आठवडा, सोबत सासूबाई. लग्नाआधीपासून थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती, दिवस गेल्यावर टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) ६.८ आला म्हणून डॉक्टरांनी ७५ केली. दोघींचं मत असं की आजार बळावला आणि एवढी पॉवर बाळाला बाधणार. बाटली हातात घेऊन बघितली तर सीलसुद्धा फोडलेलं नाही! "मग जुनी तरी घेतेस का?" तर मान खाली. बारा दिवस सगळंच बंद.

मी ओरडले नाही, ओरडून कोणी गोळ्या घेत नाही. डोस ठरवणं माझं काम नाही पण तो का वाढला ते सांगता येतं. म्हटलं, बाळाची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास कुठे कामाला लागते आणि तिचा नीट जम बसायला अठरा-वीस आठवडे होतात, तोवर त्याच्या मेंदूला लागणारं हार्मोन तुझ्याकडूनच जाणार ना. शिवाय आता रक्तात ते हार्मोन धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं, म्हणून शरीराला नेहमीपेक्षा बरंच जास्त बनवावं लागतं. धडधाकट ग्रंथी तेवढा जोर काढते, तुझी आधीच दमलेली आहे, तिला जे जमत नाही ते गोळी भरून काढते. आणि गोळीत असतं तेच हार्मोन, जे शरीर बनवतं.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." मी म्हटलं, असेलही, तपासत कोण होतं?

मग बोलता बोलता कळलं की ५० ची गोळी पण ती दुधाच्या चहाबरोबरच घ्यायची. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, आणि पुढे लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या की त्यांच्यात चार तासांचं अंतर. सासूबाईंनी लगेच हिशोब लावला, "म्हणजे सहाला गोळी, सातला चहा." त्याच दुपारी दोघींना परत डॉक्टरांकडे पाठवलं, बारा दिवसांचं खरं खरं सांगा म्हणून.

चार आठवड्यांनी टीएसएच २.३. आता हिची नवीन काळजी, ७५ जन्मभर का? अगं, बाळंतपणानंतर बहुतेकींचा डोस परत आधीच्यावर आणतात आणि सहा आठवड्यांनी तपासून बघतात. तोपर्यंत मात्र स्वतःच्या मनाने कमी नाही की जास्त नाही.