फुकटची पार्सलं आणि सरगुंड्यांचा डबा

तुम्ही विचारलंय की लाइफस्टाइल ब्लॉगरला कंपन्या फुकट वस्तू पाठवतात, लोक घरचं करून खायला आणून देतात, तर ही मजा खरी असते का, आणि सुरुवात करायला फॉलोअर किती लागतात.

मजा खरी असते. फॉलोअरचं खाली कुठेतरी सांगते. आधी 'फुकट' या शब्दाचं बघू, कारण हाच शब्द माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला भर लग्नात, बायांच्या पंगतीसमोर ऐकवलाय. "हिचं का मोठं, हिले तं सारं फुकटच भेटते." मी तेव्हा वांग्याच्या भाजीची बादली धरून वाढत होते. उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय, तर तुम्ही वाचून घ्या.

मी वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात राहते. साड्या, सैपाक, अंगणातली वाळवणं, शेतातलं जेवण, असं सगळं मोबाइलवर टाकते. कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही. फाट्यावरच्या मेडिकलमध्ये पार्सल ठेवून फोन करतो, मग दिराच्या गाडीवरून जाऊन आणायचं. पहिलं पार्सल आलं तेव्हा मी ते घरी येईस्तोवर मांडीवर धरून हलवत होते. ज्यांनी लहानपणी भुलाबाई केली त्यांना हे लगेच कळेल. गाणी संपली की घरातली बाई खाऊचा डबा आतूनच खुळखुळवायची आणि आम्ही पोरी ओळखायचो: दाणे, फुटाणे, मुरमुरे, शेव. ओळखता आलं नाही की हरलो. मोठेपणी तोच खेळ परत मिळाला, म्हणून मजा खरी असते म्हणाले.

डब्यात निघालं काय? दहा मिलीचं सीरम. पुढच्या वेळी साबण. मग ग्रीन टीचे पाच डबे. आमच्याकडे ग्रीन टी कोण पिणार? सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "हा तं काढा व्हय. कोण बिमार आहे?"

एकदा एअर फ्रायर आला. चांगला मोठा, 1400 वॉटचा. त्यात सांबारवडी करून दाखवायची होती. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. डोशासोबतचं नाही.) संध्याकाळी आमच्याकडचं व्होल्टेज असं की फिरत्या पंख्याची पाती डोळ्यांनी मोजत बसावी. फ्रायर लावला की ट्यूबलाइट लुकलुकायची आणि वड्या आतल्या आत उकडल्यासारख्या व्हायच्या. मी खरं तेच लिहिलं, की यात वडी नीट झाली नाही, तेलातलीच चांगली. कंपनीच्या पोरीचा मेसेज आला, "मॅम, थोडं पॉझिटिव्ह ठेवता येईल का?" मी वस्तूच परत पाठवून दिली. ते बरंच झालं, कारण हिंगणघाटच्या टॅक्सवाल्या भाऊंनी नंतर समजावलं की जुलै 2022 पासून अशा फुकट वस्तूंवरही आयकर कापायचा नियम आला, तेव्हाचं कलम 194आर. वस्तू परत केली तर लाभ धरत नाहीत. ठेवून घेतली तर धरतात, आणि एका कंपनीकडून वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस. म्हणजे फुकटालाही हिशेब असतो, हे जाऊबाईंना कोण सांगणार!

आता मूळ गोष्ट.

2023 च्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या काकू सरगुंड्यांचा डबा घेऊन आल्या. गव्हाच्या मऊ मळलेल्या पिठाची बारीक दोरी वळायची, ती काडीवर गुंडाळत न्यायची, मग हलकेच काडी काढून घ्यायची. पोकळ वेटोळं राहतं. ते वाळवून ठेवायचं, आणि पाहुणा आला, जावई आला की शिजवून आमरसासोबत वाढायचं. काकूंचा हात असा की एका काडीवरचा एक वेढा दुसऱ्याला चिकटायचा नाही. डबा स्टीलचा, झाकण थोडं चेपलेलं, पोटावर त्यांचं नाव कोरलेलं आणि खाली 'मामाकडून सप्रेम भेट 12-5-86'. त्यांच्या लग्नातला. "तुह्या रीलसाठी नाही आणले," म्हणाल्या, "तू मायेरी गेली नाही यंदा, म्हणून आणले."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. तिथंच चुकलं.

मी त्याची 48 सेकंदांची रील केली. काडी काढताना वेटोळं सुटं होऊन ताटात पडतं, तेवढंच चार वेळा दाखवलं. मग पिवळ्या रसात बुडवलेला घास. ती रील माझी तोवरची सगळ्यात जास्त चाललेली. पुण्यात राहणारी आपल्याकडची माणसं अक्षरशः रडवेली झाली, आजीची आठवण, अमक्याची आठवण. आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच, विकत मिळतील का? मी लिहून मोकळी झाले, 'मिळतील, 400 रुपये किलो, मेसेज करा.' काकूंना न विचारता. भावही मीच ठरवला. आठ दिवसांत 40 किलोच्या वर मागणी आली. काकूंचा एका दिवसाचा हात अर्ध्या-पाऊण किलोचा, तेही घरचं आवरून, दुपारी बसल्या तर.

काकूंना सांगायला गेले तेव्हा मला वाटत होतं त्या खूश होतील. झाल्याही. पाच दिवस. सहाव्या दिवशी त्यांची सून आमच्या दारात. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली, "तुमची रील झाली वहिनी, आमच्या आत्याबाईचा खांदा गेला. रातभर निजल्या नाही."

मग मी गेले बसायला. नवतपा चालू होता. बाहेर कुत्रं फिरत नव्हतं आणि आम्ही दोघी काकूंच्या मधल्या खोलीत, समोर पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली, हातात काड्या. पहिल्या दिवशी माझे पावभर झाले. लवकर वाळावेत म्हणून मी ते स्लॅबवर उन्हात टाकून आले. संध्याकाळी पाहते तर निम्मे तडकलेले. काकू हसल्या, "सावलीत वाळवा लागते वं माय. कुरडई आहे का ते?" बारा वर्षं या गावात संसार करतेय, वाळवणांवर रील करते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. अकरा दिवस बसले. माझा अंगठा अजून थंडीत दुखतो. काकूंचा खांदा तर विचारूच नका.

पाठवतानाचे हाल वेगळे. पहिली तीन पाकिटं पुण्यात चुरा होऊन पोचली. मग बिस्किटांचे पत्र्याचे डबे गोळा केले. कुणी तरी विचारलं, एफएसएसएआय नंबर कुठे? बरोबरच विचारलं. घरून पदार्थ विकायचा तर या सरकारी खाद्यसंस्थेकडे नोंदणी लागतेच, छोट्या धंद्याला तेव्हा वर्षाचे 100 रुपये फी होती. ती काकूंच्या नावानं केली, माझ्या नाही, हे मुद्दाम सांगते. 14 किलो गेले, बाकीच्यांना हात जोडून नाही म्हटलं. 5,600 रुपये काकूंना. गहू, डबे, कुरिअर माझ्या खिशातून, म्हणजे नवऱ्याच्या.

आणि या सगळ्यावर जाऊबाईंचं म्हणणं काय, तर काकूंच्या सरगुंड्यांवर हिनं नाव कमावलं. फुकट.

तर जाऊबाई, तुमचं अर्धं बरोबर आहे. काकूंचा तो डबा फुकट नव्हताच. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तुम्हीच मला लग्नानंतर शिकवलं. त्या डब्यात काहीतरी घालायचं मी विसरले नव्हते, पण जे घातलं त्याची लाज वाटते. ग्रीन टीची पाकिटं. हाताशी होती, संपत नव्हती. काकूंनी ती ढेपेत कालवून गाईला घातली आणि मला सांगितलंही, "गाईनं पण तोंड फिरवलं." कंपनीनं फेकलेलं मी काकूंकडे सरकवलं आणि काकूंनी मायेनं दिलेलं लोकांना 400 रुपये किलोनं लावलं. दोन्ही उलटं झालं.

पण उरलेलं अर्धं साफ चूक आहे. सीरमच्या दोन बाटल्या तुमच्या कपाटात आहेत. त्या मागताना तुम्हाला 'फुकट' आठवलं नाही.

बरं, तुमच्या प्रश्नाकडे. फॉलोअर हजार-दोन हजार असले तरी बारक्या कंपन्या विचारतात, नुसती वस्तू पाठवतात, पैसे देत नाहीत. मला पहिलं पार्सल आलं तेव्हा अठराशे होते. गावातून करत असाल तर फार चांगलं, शहरातल्या शंभर जणींकडे तीच पांढरी भिंत आहे. आलेल्या प्रत्येक वस्तूची वही ठेवा: तारीख, किंमत, ठेवली की परत केली. आणि वस्तू फुकट आलीय हे लिहायचं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेचे नियम 2021 पासून आहेत, तुम्ही मागितली नसताना कंपनीनं पाठवली तरी सांगावं लागतं, आणि ठळक, सुरुवातीलाच. खाली वीस हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. लिहिल्यानं लोक कमी होतात ही भीती खोटी आहे, माझे वाढले.

घरच्या खाण्याला हे नियम पुरत नाहीत. तिथं माझा नियम एकच, आणि कुणाला पटो न पटो: करणाऱ्या बाईला आधी विचारायचं. रीलमध्ये घालू का, नाव घालू का, विकायचंय का, किती जमेल, भाव काय. पाच प्रश्न, दोन मिनिटं लागतात. तिनं नको म्हटलं तर मोबाइल बाजूला ठेवून गुपचूप खायचं. काही डबे खाऊन संपवायचे असतात.

एक राहिलं. मी हे अकरा हजार फॉलोअरवरून बोलतेय. लाखांत असणाऱ्यांचं जग वेगळं असेल, त्यांच्याकडे हॉटेलं, प्रवास, असलं येतं म्हणतात. आणि जाऊबाई वाईट नाहीत हो. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले होते. तोंड तेवढं तिखट, भिवापुरी मिरचीसारखं.

काकू आता वर्षाला सहा किलोच करतात, आधी पैसे, मग सरगुंडे, आणि भाव त्यांनी स्वतः 600 लावलाय. सून पॅकिंग करते. मला दरवर्षी एक डबा येतो, तोच, 12-5-86 वाला. गेल्या वर्षी त्यात मी वायगावची हळद घालून परत केला. काकूंनी झाकण उघडून वास घेतला, बोटानं रंग पाहिला आणि काही न बोलता तो आत नेला.

आणि परवा जाऊबाईंकडून लोणचं आलं. बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली, 'मोबाइलात टाकू नको.' नाही टाकलं. बरणी आता रिकामी झालीय, धुऊन ओट्यावर उलटी घातलीय, आणि तिच्यात काय भरून पाठवावं ते दोन दिवस झाले मला सुचत नाहीये.