पाटी उलटी करा, मग पैसे काढा

फळांची परडी आणि पोपट कोरलेली सागवानी पाटी १८ हजारांना मिळतेय, दुकानदार पेशवेकालीन म्हणतोय, सोबत फुलांचं एक जुनं चित्र देतोय, आणि दोन्ही मुलाला अमेरिकेत पाठवायचंय, घेऊ का असं तुम्ही विचारलंय. जरा दमानं घ्या. तुम्ही तिन्ही फोटो पुढून टाकलेत आणि निकाल तर मागच्या बाजूनं लागतो.

पोपट चालेल एकवेळ, पण पेशवाईतल्या सुतारकामात केळफूल, कमळ, सुरूसारखे खांब असला थाट, विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा रस्त्यावरूनच बघून घ्या. परडीत रचलेली सफरचंदं द्राक्षं हे विलायती वळण, इंग्रजी अमदानीत फर्निचरवरून आपल्याकडे आलेलं. म्हणजे पाटी जुनी असेलही, पण पेशवाईच्या नावाचे पैसे देऊ नका.

आता पाटी उलटी करा. हातानं रंधा मारलेला असेल तर उथळ लाटा बोटांना लागतात, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की दिसतातही, आणि गोल करवतीच्या कमानी दिसल्या तर लाकूड मशीनवर चिरलेलं. पण खरी गोची वेगळीच, वाडे पाडल्यावर लाकूड वखारीत येतं, ते खरंच जुनं असतं आणि त्यावर कोरीवकाम मात्र गेल्या दिवाळीतलं. तिथे किडीची भोकं बघायची, सागाच्या बाहेरच्या फिकट भागात सापडतात. कीड आतून बाहेर पडते म्हणून भोक गोल असतं, पण पानावर किंवा पोपटाच्या पंखावर भोकाऐवजी किडीनं आत पोखरलेली नाळ अर्धी चिरून उघडी पडलेली दिसली, तर समजा कीड आधी लागली आणि पटाशी नंतर चालली.

मी स्वतः पूर्वी एक लाकडात कोरलेला द्राक्षांचा घड घेतला होता, मोठ्या ऐटीत, घरी आणून ओल्या फडक्यानं पुसला तर फडकं तपकिरी आणि घरभर बुटाच्या पॉलिशचा वास. बायको अजून त्याला बाटाचा घड म्हणते.

चित्राचं सोपंय, दहापट भिंग लावा. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली की ऑफसेट, म्हणजे अलीकडची मशीनवरची छपाई, फ्रेम कितीही जुनी असो. शिळाछापातले, म्हणजे दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रातले, ठिपके ओबडधोबड असतात, आणि हातानं भरलेला रंग कुठेतरी रेषेबाहेर जातोच. बाकी सुरई, वांगी आणि मागे पडदा असं चित्र असेल तर बहुतेक कुणाच्या तरी इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राचा सराव असणार, आपण सगळ्यांनीच ती वांगी रंगवलीत. आणि कुणी 'दापोडीच्या बागेतलं', म्हणजे पुण्याजवळच्या इंग्रजी काळातल्या सरकारी वनस्पती बागेतलं, म्हणून गळ्यात मारत असेल तर हसून सोडा, त्या बागेचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सननं १८४७ ते १८५० मध्ये तिथे चित्रकाराकडून काढून घेतलेली वनस्पतींची चित्रं एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत.

अमेरिकेचं मात्र विसरा. पाटी खरंच १०० वर्षांवरची निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ती तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि नवी निघाली तर १८ हजार कशाला द्यायचे?

उद्या जाताना भिंग घेऊन जा, मागच्या बाजूचे दोन फोटो आणि त्या पंखाचा एक जवळून टाका, मग किमतीचं बोलू.