फ्राझिओनेत भाड्याचं घर घेताना

तुमचा प्रश्न असा: नोकरी इटलीत लातीनाजवळ, घर मिळतंय 'फ्राझिओने बेल्ला फार्निया, साबाउदिया' इथे, तर कागदपत्रं कुठे करायची?

राहण्याची नोंद साबाउदियाच्या कोमूनेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत. फ्राझिओने म्हणजे कोमूनेच्या हद्दीतली वस्ती, ग्रुप ग्रामपंचायतीतल्या वाडीसारखी. तिला स्वतंत्र महापौर नसतो. पेर्मेस्सोसाठी, म्हणजे परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्यासाठी, मात्र लातीनाला जायचं, कारण क्वेस्तूरा, म्हणजे पोलीस मुख्यालय, प्रांताच्या मुख्य शहरात असते.

त्या भागात 'बोर्गो' नावाच्या वस्त्या भरपूर आहेत. बोर्गो साबोतीनो लातीनात येतं, बोर्गो सान दोनातो साबाउदियात, बोर्गो हेर्माडा तेर्राचीनात. जाहिरातीत नुसतं बोर्गोचं नाव असेल तर कोमूने विचारून घ्या. पत्त्याच्या शेवटच्या ओळीत पिनकोड, कोमूने आणि प्रांताची दोन अक्षरं येतात: ०४०१६ साबाउदिया, एल-टी.

राहायला गेल्यावर २० दिवसांत आनाग्राफेत, म्हणजे कोमूनेच्या रहिवासी नोंदणी कार्यालयात, अर्ज द्या. कामाच्या २ दिवसांत नोंद होते, पण काम तिथे संपत नाही. पुढच्या ४५ दिवसांत स्थानिक पोलीस घरी येऊन खात्री करू शकतात. फ्राझिओनेत गाडं इथेच अडतं: घराला क्रमांकच नसतो, करारात 'एस-एन-सी' म्हणजे 'क्रमांक नाही' असं लिहिलेलं असतं. मग पोलिसाला घर सापडत नाही, पोस्टमनलाही नाही, आणि नोंद पहिल्या दिवसापासून रद्द होऊ शकते. म्हणून सही करण्याआधीच मालकाला कोमूनेकडून क्रमांक घ्यायला लावा, आणि घंटीवर व पत्रपेटीवर घरात राहणाऱ्या सगळ्यांची आडनावं लावा.

भाडेकरार सहीपासून ३० दिवसांत कर खात्यात नोंदवलेला हवा. शिवाय युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला घर दिल्याची लेखी खबर मालकाने ४८ तासांत द्यायची असते. दोन्हीच्या प्रती मागून घ्या. टाळाटाळ करणाऱ्या मालकाचं घर स्वस्त असलं तरी घेऊ नका, पुढे पेर्मेस्सोच्या वेळी त्रास तुम्हाला होईल.

गाडी नसेल तर प्रवासाचा नीट विचार करा. साबाउदिया गावात रेल्वे नाही. लातीनाचं स्टेशनही शहरात नसून लातीना स्कालो या वेगळ्या फ्राझिओनेत आहे. कोत्राल या प्रादेशिक बससेवेचं रविवारचं वेळापत्रक वेगळं पाहा. इंटरनेट मिळतं का हे कोमूनेच्या नावावरून ठरवू नका, घराचा नेमका पत्ता टाकून तपासा. गॅस पाइपने येतो की टाकीतून, हेही आधीच विचारा.