चार वर्षांच्या मुलीचा एमआरआय भूल न देता होऊ शकतो का?

आपल्या चार वर्षांच्या मुलीला डोक्याचा एमआरआय सांगितला आहे आणि केंद्राने भूल द्यावी लागेल असे कळवले आहे, ती टाळता येईल का, असा आपला प्रश्न आहे. मी एमआरआय तंत्रज्ञ आहे. या वयात काही मुलांच्या बाबतीत ती टाळता येते, मात्र तयारी चार-पाच दिवस आधीपासून करावी लागते.

मुले यंत्राच्या बोगद्यापेक्षा त्याच्या आवाजाला जास्त दचकतात. तो शंभर डेसिबलच्याही पुढे जातो आणि मध्येच बदलतो, म्हणून त्याचे ध्वनिमुद्रण मिळवून रोज थोडा वेळ, कानांवर हेडफोन लावून, हळू आवाजात ऐकवावे. सोबत पुतळा होण्याचा खेळ खेळावा. त्यात एक गोष्ट नक्की शिकवा. 'हलायचे नाही हं' असे आपण म्हणताच मूल मान डोलावून 'हो' म्हणते, आणि तेवढ्यानेच प्रतिमा अस्पष्ट होते. म्हणून विचारल्यावरही उत्तर द्यायचे नाही, हा त्या खेळाचा नियमच असावा. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल (प्रतिमेसाठी संकेत टिपणारा भाग) बसवतात, तिच्यावरच्या आरशातून बाहेर बसलेली आई दिसू शकते. अंगावर धातू नसेल आणि शरीरात पेसमेकरसारखे काही नसेल, तर पालकांना सहसा आत थांबू देतात. काही रुग्णालयांत सरावासाठी नकली यंत्रही असते. आहे का, हे जरूर विचारा.

दुसरी बाजू आमच्याकडची आहे. रेडिओलॉजिस्टने नेमक्या वैद्यकीय प्रश्नापुरतेच सिक्वेन्स (एकेका प्रकारच्या प्रतिमांच्या फेऱ्या) निवडले आणि सर्वांत महत्त्वाचा पहिला घेतला, तर मूल दहाव्या मिनिटाला कंटाळले तरी कामाची माहिती हाती आलेली असते. मेंदूत शंट (साचलेले जादा द्रव काढणारी नळी) बसवल्यानंतर मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांचा आकार पाहण्यासाठी तर काही मिनिटांची जलद तपासणी अनेकदा पुरते. सुमारे तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांना दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच तपासतात. केवळ भूल टळावी म्हणून एमआरआयऐवजी सीटी स्कॅनचा आग्रह मात्र धरू नये. तो काही सेकंदांत होतो, पण त्यात क्ष-किरण वापरले जातात.

तरीही भूल लागलीच, तर तिचा बाऊ करू नये. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2016 मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिलेल्या भुलेविषयी होता. तान्हेपणी एकदाच, तासाभराहून कमी वेळ भूल मिळालेली मुले पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्ध्यंकात फरक आढळला नाही, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. अस्पष्ट प्रतिमांवरून निदान हुकणे भूल देण्याहून वाईट.

भुलेसाठी सहसा सहा तास अन्न बंद ठेवतात आणि उपाशी मूल स्थिर पडून राहत नाही. त्यामुळे भुलेविना प्रयत्नाची वेळ वेगळ्या दिवशी, मुलीला नेहमीप्रमाणे खाऊ घालून मागावी, आणि जमले नाही तर वापरता यावी म्हणून भुलेची तारीखही त्याच वेळी ठरवून घ्यावी.