सांगलीच्या काळ्या जमिनीत वर्षभर लाल फुले मिळावीत यासाठी कोणती झाडे लावावीत?

कृष्णाकाठची काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते. त्यामुळे झाडांच्या निवडीआधी निचऱ्याचा विचार करावा आणि खड्ड्यात कुजलेले शेणखत व थोडी वाळूमिश्रित पोयटा माती घालावी.

झुडपांमध्ये माझी पहिली पसंती जास्वंदीला आहे. तिचे फूल बहुधा एकच दिवस टिकते, परंतु कळ्या नव्या फुटीवर येत असल्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर हलकी छाटणी केल्यास गणपतीच्या दिवसांत फुलांची वाण पडत नाही. पिठ्या ढेकूण दिसताच निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. एक्झोरा देखणा खरा, पण त्याला आम्लधर्मी माती मानवते. आपल्याकडील चुनखडीयुक्त जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात, म्हणून तो कुंडीतच बरा.

जिथे सांडपाणी मुरते तिथे कर्दळीचे कंद जूनमध्ये लावावेत. ही बहुवर्षायू वनस्पती ओल सहज सोसते. हंगामी फुलांपैकी साल्व्हियाचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरल्यास हिवाळ्यात वाफा लाल दिसतो, तर उन्हाळ्यासाठी झिनिया पुरेसा आहे.