आधी टीचेबल मोजा, मग पदवी निवडा

नमस्कार दादा,

पीआर म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी आली, जूनमध्ये मिरजेहून ब्रॅम्प्टनला येताय, हे वाचून बरं वाटलं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे, गणित आवडतं, तिला शिक्षिका व्हायचंय. वहिनींना वाटतं, फिजिओथेरपीचाही रस्ता मोकळा राहावा. आणि तुमचा प्रश्न असा की इथे ऑन्टॅरिओ प्रांतात डी.एड., बी.एड.सारखं काय असतं आणि पहिली पदवी कशात घ्यावी.

मी शिक्षिका नाही. थोरल्या मुलीच्या शिक्षणामागे सात वर्षं फरपटलेली आई आहे, त्यामुळे कुठे ठेच लागते ते ठाऊक आहे.

पहिली गोष्ट, आपल्या डी.एड.सारखं बारावीनंतर थेट प्राथमिक शिक्षक होणं इथे नाही. कॉलेजात दोन वर्षांचा अर्ली चाइल्डहूडचा डिप्लोमा असतो, पण तो बालशिक्षणाचा. बालवाडीच्या वर्गात शिक्षिकेबरोबर ज्या दुसऱ्या ताई असतात ना, त्या तो केलेल्या असतात. शिक्षक व्हायला पहिलीला शिकवायचं असो की बारावीला, आधी पदवी आणि मग बी.एड. हे बी.एड. २०१५ पासून चार सेमिस्टरचं झालं. योगायोग बघा, आपल्याकडेही ते दोन वर्षांचं त्याच वर्षी झालं. त्यात किमान ८० दिवस शाळेत प्रत्यक्ष शिकवावं लागतं. त्यानंतर 'ऑन्टॅरिओ कॉलेज ऑफ टीचर्स'चं प्रमाणपत्र. नाव ऐकून फसू नका, हे शिकायचं कॉलेज नव्हे, शिक्षकांना परवाना देणारी संस्था आहे. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तिथे प्रवेशासाठी फोन लावला होता!

आता मुद्द्याचं. बी.एड.ला अर्ज करताना कोणत्या इयत्तांसाठी ते सांगावं लागतं. प्रायमरी-ज्युनिअर म्हणजे बालवाडी ते सहावी, ज्युनिअर-इंटरमीडिएट म्हणजे चौथी ते दहावी, इंटरमीडिएट-सीनियर म्हणजे सातवी ते बारावी. मधल्या गटाला एक 'टीचेबल' लागतो, वरच्या गटाला दोन. टीचेबल म्हणजे शाळेत शिकवायचा विषय, आपल्या बी.एड.च्या 'मेथड'सारखा. फरक एवढाच की इथे पदवीचं नाव कुणी फारसं बघत नाही, ट्रान्सक्रिप्टवर म्हणजे गुणपत्रकावर त्या विषयाचे किती क्रेडिट आहेत ते मोजतात. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या टीचेबलला ३० आणि दुसऱ्याला १८ क्रेडिट लागतात, काही ठिकाणी याहून जास्त. वर्षभराचा कोर्स सहा क्रेडिटचा, एका सेमिस्टरचा तीनचा. टोरंटो विद्यापीठात मोजमाप वेगळं, तिथे वर्षभराच्या कोर्सला एक क्रेडिट. म्हणजे इतर ठिकाणचे ३० ते तिथले ५. हे माहीत नसेल तर माणूस उगाच घाबरतो.

माझ्या लेकीनं सायकॉलॉजी घेतलं. पहिल्याच महिन्यात तिनं सल्लागार बाईंना विचारलं होतं की मला हायस्कूलला शिकवायचंय, चालेल का? "कुठलीही पदवी चालते" असं उत्तर मिळालं. तसं ते खोटं नव्हतं. पदवी चालते, विषय चालत नाही. तिसऱ्या वर्षाला अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं की तिला जिथे जायचं होतं तिथे सायकॉलॉजी टीचेबलच्या यादीत नव्हतं. आवड म्हणून घेतलेल्या इतिहासाचे नेमके १८ क्रेडिट भरले, ते नशीब. इंग्रजीचे मात्र १२ होते, हवे होते ३०. अठरा क्रेडिट म्हणजे सहा कोर्स. दोन उन्हाळे त्यात गेले आणि वर्ष वाया गेलं ते वेगळंच. फीचा हिशेब मी अजून तिच्या बाबांना नीट सांगितलेला नाही.

म्हणून तुमच्या लेकीचं गणित आजच मांडू. चार वर्षांची ऑनर्स पदवी साधारण १२० क्रेडिटची. समजा गणित मुख्य विषय घेतला आणि त्यात ६० गेले, पहिला टीचेबल त्यातच भरून वर उरला. दुसऱ्याला तुम्ही फिजिक्स सुचवलंय. चांगलं आहे, पण तिनं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलंय असं तुम्ही जाता जाता लिहिलंत, तिथेच मी थांबले. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजला फ्रेंच मार्कांसाठी घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. इथे फ्रेंच शिक्षकांची कायम चणचण. इंग्रजी शाळांतही चौथीपासून फ्रेंच सक्तीचं आहे, शिवाय इमर्शनचे, म्हणजे बरेच विषय फ्रेंचमधूनच शिकवणारे वर्ग वेगळे. माझ्या लेकीच्या बरोबरीची इंग्रजी-इतिहासवाली मुलं कायमच्या नोकरीसाठी वाट बघत बसतात, फ्रेंचवाल्याला शाळा चालवणारी बोर्डं स्वतः बोलावतात. माझी मुलगी इतिहासवालीच, म्हणून हे जरा कडवटपणे सांगतेय.

पण बारावीचं फ्रेंच पुरत नाही हेही खरं. विद्यापीठात आल्यावर पातळी ठरवणारी चाचणी होते आणि अगदी नवशिक्यांचे कोर्स टीचेबलमध्ये सगळीकडे धरत नाहीत. पुढे बी.एड.ला फ्रेंचसाठी बोलण्या-लिहिण्याची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. तेव्हा निघायच्या आधी पुण्याच्या अलियाँस फ्रान्सेजमध्ये एखादी पातळी पुढे सरकता आली तर बघा. यॉर्क विद्यापीठाचा ग्लेंडन कॅम्पस द्वैभाषिक आहे, तिथे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत शिकता येतं. यॉर्कच्या मुख्य कॅम्पसला ब्रॅम्प्टनहून बसनं रोज ये-जा करणारी कितीतरी मुलं आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षी हॉस्टेलचा खर्च टाळता येईल.

गणिताला ६०, फ्रेंचला २४-३०, म्हणजे तीसेक क्रेडिट हातात राहतात. ते वहिनींसाठी. इथे फिजिओथेरपी बारावीनंतर नसते. आपल्याकडे बारावीनंतर थेट बी.पी.टी.एच. ही फिजिओथेरपीची पदवी होते, इथे चार वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं मास्टर्स. ऑन्टॅरिओत ते पाचच विद्यापीठांत आहे: टोरंटो, मॅकमास्टर, वेस्टर्न, क्वीन्स आणि ओटावा, आणि ओटावाचं फ्रेंचमध्ये. (फ्रेंच पुन्हा आलं बघा.) पदवी कुठल्याही विषयाची चालते, शरीरशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे मोजके कोर्स मागतात, प्रत्येकाची यादी थोडी वेगळी. ते तीस क्रेडिटमध्ये बसतात. मात्र शेवटच्या दोन वर्षांच्या मार्कांवर फार भर असतो आणि चुरस भयंकर. बी.एड.लाही बऱ्याच ठिकाणी शेवटचे किंवा सर्वोत्तम दहा पूर्ण कोर्स बघतात. म्हणून दोन डगरींवर पाय ठेवायला हरकत नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक पाय उचलायचा. दोन्हीकडचे अवघड कोर्स तिसऱ्या-चौथ्या वर्षाला एकत्र आले की दोन्हीकडचे मार्क घसरतात.

धाकट्याबद्दलही तुम्ही एक ओळ लिहिलीय. वकिली इथे बारावीनंतर पाच वर्षांची नसते, आधी निदान तीन वर्षं पदवीची, मग एलसॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षं कायद्याची. नर्सिंग मात्र बारावीनंतर थेट चार वर्षांचं.

काही जण सांगतील, 'कन्करंट' घ्या, म्हणजे पहिल्या वर्षापासून पदवी आणि बी.एड. जोडीनं, पाच-सहा वर्षांत दोन्ही हातात. अठराव्या वर्षीच ज्यांचं ठाम ठरलंय त्यांना ते छान. लहान मुलांच्या वर्गात पहिल्यापासून जायला मिळतं. तुमच्या घरात अजून दोन मतं आहेत, तेव्हा मी आधी पदवी आणि मग बी.एड. हाच रस्ता सुचवेन. पदवी मात्र चार वर्षांचीच करा. तीन वर्षांच्या पदवीवरही प्रमाणपत्र मिळू शकतं, पण पुढे पगाराच्या ए-वन ते ए-फोर अशा श्रेण्यांत वर चढताना ती अडते.

गणिताची एक पात्रता परीक्षाही आहे, मराठीच्या शिक्षिकेलाही चुकत नाही अशी. २०२१ मध्ये कोर्टानं ती रद्द केली, २०२३ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून ती परत लागू झाली. ७० टक्के लागतात. तुमच्या लेकीला त्याचं काय!

कॅथलिक बोर्डांच्या शाळाही इथे सरकारी पैशावर चालतात, पण तिथे शिक्षकाकडून सहसा चर्चच्या पाद्रींचं पत्र मागतात. तेव्हा आपल्या मुलांसाठी नोकरीच्या जागा मोजताना त्या शाळा गृहीत धरू नका.

पैशांचं थोडक्यात. पीआर असल्यामुळे फी स्थानिक मुलांइतकीच, हा सगळ्यात मोठा फायदा. पण ओसॅप म्हणजे सरकारी कर्ज-अनुदान मिळायला ऑन्टॅरिओत आधी बारा महिने राहिलेलं असावं लागतं. पहिल्या वर्षाची फी खिशातून भरायची तयारी ठेवा.

आणि तारखा. पदवीचा अर्ज ग्वेल्फच्या ओयूएसी या एकाच केंद्रातून जातो, जानेवारीच्या मध्यापर्यंत भरलेला बरा. बोर्डाचा निकाल मे महिन्यात लागेल, तोवर अकरावीचे मार्क आणि कॉलेजकडून अपेक्षित मार्कांचं पत्र लागेल. प्राचार्यांची सही-शिक्का डिसेंबरातच घेऊन ठेवा, फेब्रुवारीत परीक्षेच्या धांदलीत कुणी हाती लागत नाही. आयईएल्ट्सही आत्ताच देऊन टाकू द्या. पीआर असली तरी इंग्रजीचा पुरावा मागतात.

विद्यापीठात गेल्यावर तिला एक सवय लावा. प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम पहिल्याच आठवड्यात डाउनलोड करून ठेवायचा. चार वर्षांनी "हा कोर्स गणितात धरायचा की संख्याशास्त्रात?" असं कुणी विचारलं की तोच कागद कामी येतो. आमच्याकडे तो नव्हता, एका प्राध्यापकांच्या मागे लागून मिळवला.

तिनं ज्या विद्यापीठांचा विचार केलाय त्यांची नावं पाठवा. माझी लेक रविवारी घरी असते, शनिवारी ट्यूशन घेते. रविवारी तुमच्याकडे रात्र होण्याआधी व्हिडिओ कॉल करू, दोघी पोरींनाच बोलू दे. आणि हो, ते फ्रेंचचं पुस्तक रद्दीत घालू नका.