‘तुम्हाला काही विचारायचंय?’ : मुलाखतीतल्या उलट्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न : नुकतंच शिक्षण संपलंय. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात, तेव्हा मी ‘नाही सर’ म्हणून उठतो. त्याने नुकसान होतं का?

उत्तर : मुलाखत उत्तम झाली असेल, तर एवढ्यावरून सहसा कुणी नाकारत नाही. पण ज्या ठिकाणी रोजचे आठ-नऊ तास घालवायचे, त्याबद्दल एकही शंका नाही, हे समोरच्याला खटकू शकतं. अनुभव नाही म्हणून संकोच नको. ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम झालेलं तुम्हाला हवंय?’ आणि ‘अडलं तर मी कुणाला विचारायचं?’ एवढे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्याचं उत्तर नीट ऐका. एखाद्या माणसाचं नाव पुढे आलं, तर शिकवण्याची काहीतरी सोय आहे. ‘सगळेच मदत करतात हो’ असं ऐकू आलं, तर बहुधा कुणाचीच तशी जबाबदारी ठरलेली नाही. कंपनीच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर जे लिहिलंय, ते मात्र विचारू नका.

प्रश्न : मी प्रत्येक ठिकाणी ‘इथलं वर्क कल्चर कसं आहे?’ असं विचारते. सगळीकडे एकच उत्तर मिळतं, ‘आम्ही एका कुटुंबासारखे आहोत.’ खरं कसं काढून घ्यायचं?

उत्तर : मत विचारलंत की जाहिरात ऐकायला मिळते. त्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारा. मुलाखत घेणारे तुम्हाला ‘कठीण प्रसंग कसा हाताळला ते सांगा’ म्हणतात ना? तीच युक्ती त्यांच्यावर वापरायची. ‘इथे काम आणि घर यांचा समतोल आहे का?’ याला ‘हो’ म्हणायला कुणाचं काय जातं! पण ‘गेल्या महिन्यात टीमला सुट्टीच्या दिवशी कधी काम करावं लागलं? कशामुळे?’ असं विचारलं, की माणूस आठवू लागतो, आणि आठवून बोलणारा सहसा खरं बोलतो. तसंच ‘बढती मिळते का?’ याऐवजी ‘या पदावरून अलीकडे कोण वर गेलं आणि किती काळाने?’ असं विचारा. ‘मोकळेपणा आहे का?’ याऐवजी ‘तुमचा निर्णय टीममधल्या कुणाच्या सांगण्यावरून कधी बदलला?’ हे विचारा. उदाहरण लगेच आठवलं नाही, तर थोडा वेळ द्या. तरीही आठवलं नाही, तर ते मनात नोंदवून ठेवा.

अडचणींबद्दल विचारलं तर राग येईल, ही भीती बहुतेकांना असते. जॉन वॅनस या संशोधकाचा 1973 सालचा एक अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्यांपैकी काहींना त्याने कामाची चांगली-वाईट दोन्ही अंगं दाखवली, तर काहींना नेहमीची गोडगोड फिल्म. खरं चित्र पाहिलेल्यांच्या अपेक्षा जमिनीवर राहिल्या आणि नोकरी सोडण्याचे विचारही त्यांच्या मनात कमी आले. म्हणजे ‘या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता?’ हा प्रश्न कंपनीच्याही फायद्याचा आहे. शहाणा मॅनेजर त्यावर हसून खरं सांगतो. जो चिडतो, त्याच्या हाताखाली काम करायचं का, हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : एकाच पदाची जाहिरात वर्षभरात मी तीनदा पाहिली. आता तिथूनच बोलावणं आलंय. आधीचे लोक का गेले, हे थेट विचारावं का?

उत्तर : विचाराच, फक्त सूर चौकशी आयोगाचा नको. ‘हे पद नवीन आहे की कुणाच्या जागी भरताय?’ इथून सुरुवात करा. उत्तर ‘कुणाच्या जागी’ असं आलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो : ‘त्यांनी कोणतं काम चांगलं केलं, आणि आता येणाऱ्याने काय वेगळं करावं असं वाटतं?’ आधीच्या माणसाबद्दल बॉस कसं बोलतो, ते इथे ऐकायला मिळतं. सगळा दोष गेलेल्यांचाच असेल, तर उद्या तुमच्याबद्दलही असंच बोललं जाईल. वाढत्या कामामुळे एकाच पदावर अनेक माणसं घेतात, हेही शक्य आहे. त्यामुळे आधीच मनात निकाल लावून जाऊ नका.

प्रश्न : पगाराचं कधी काढावं?

उत्तर : पहिल्याच फोनवर, एचआरशी बोलताना, साधारण आकडा जुळतोय का एवढं बघा. तपशील ऑफर समोर आल्यावर. तेव्हा मात्र लाजू नका. व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, किती, तो कशावर ठरतो आणि गेल्या वेळी प्रत्यक्षात किती मिळाला, प्रोबेशन आणि नोटीस पीरियड किती, बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची लेखी हमी, द्यावा लागतो का, हे सगळं लेखी मागा.

प्रश्न : तीन-चार राउंड असतात. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले तर चालेल का?

उत्तर : बरेचसे वेगळे ठेवा. नियम आणि प्रक्रिया एचआरला, अपेक्षा होणाऱ्या बॉसला, रोजचा दिवस कसा जातो हे सहकाऱ्याला, आणि कंपनी कुठे निघालीय ते वरच्या साहेबांना. एक प्रश्न मात्र मुद्दाम सगळ्यांना विचारा : ‘या पदावर येणाऱ्या माणसाने वर्षभरात कोणती एक गोष्ट साध्य केली तर तुम्ही खूश व्हाल?’ तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर रुजू होण्याआधी बॉसशी आणखी एकदा बोलून घ्या, कारण नंतर त्या तिन्ही तुमच्याच गळ्यात पडतील.

प्रश्न : ऑनलाइन मुलाखतीत वहीत लिहिलेले प्रश्न बघून विचारले तर?

उत्तर : खुशाल. ‘मी दोन-तीन गोष्टी लिहून आणल्यात’ असं सांगून वही उघडा. प्रत्यक्ष समोर बसलेले असलात तरीही चालतं.